खाली ठेवलेला कप

रोह्याजवळच्या अष्टमी गावात आणि पेणच्या रामवाडीत मला अजून काही लोक 'अरबीवाल्या बाई' म्हणतात. पेशाने मी नर्स. ओमानात, वाळवंटाच्या कडेला असलेल्या एका दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात मी माझी उमेदीची वर्षं काढली. असंख्य बाळंतपणं केली, पण गावी परत आल्यावर त्याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. नर्सा काय, पुष्कळ असतात. कपाळाला टिकली लावून घडाघडा अरबी बोलणारी बाई मात्र दोन्ही गावांत मिळून एकच होती. त्यामुळे नर्सिंग मागे राहिलं आणि शिकवणं गळ्यात पडलं.

रामवाडीत आमच्या घरच्या पडवीत आणि अष्टमीत माहेरच्या माडीवर असे दोन वर्ग मी बरीच वर्षं चालवले. वर्गाला पाटी नव्हती. असती तर 'नवशिक्यांनी येऊ नये' एवढंच मी तिच्यावर लिहिलं असतं. नवशिक्यांना मी खरोखरच परत पाठवायची. पाणी, चावी, लवकर, उद्या, हे शब्द तिकडे गेल्यावर कुणीही सहा महिन्यांत उचलतो, त्यासाठी माझी गरज नाही. माझ्याकडे यायचे ते रजेवर आलेले लोक. ड्रायव्हर, फिटर, बागेत काम करणारे, एखादी नर्स. त्यांना बोलता यायचं, पण नाही कसं म्हणावं, मागावं कसं, गप्प कधी बसावं, हे येत नसायचं. मी त्याला दुसरी पायरी म्हणायची. ही पायरी अवघड, कारण पहिलीवर चुकलेल्याला लोक सांभाळून घेतात आणि तिसरीवरचा चुकत नाही. दुसरीवरच्याला मात्र वाटत असतं की आपल्याला आता येतं.

धाटावच्या कारखान्यातून तिकडे गेलेला एक फिटर होता. त्याच्या कानांवर तिथे नुसते हुकूम पडलेले, त्यामुळे त्याच्या तोंडूनही हुकूमच निघायचे. मालक घरी आलाय असं समजून त्याचं स्वागत कर म्हटलं, तर हा मला दरडावून म्हणाला, इकडे ये, बस, लवकर. सगळा वर्ग हसला, तोही हसला. नंतर मात्र म्हणाला, बाई, इतक्या वर्षांत माझ्याशी दुसरं कुणी काही बोललंच नाय. 

दुसरा कोलाडचा ड्रायव्हर. घरचा हायवेवर खाणावळीचा धंदा, त्यामुळे तोंडाने गोड. मालकाच्या तान्ह्या बाळाला बघून त्याने तोंडभर कौतुक केलं, कसं गुटगुटीत आहे म्हणून. दृष्ट लागू नये म्हणून सोबत माशाअल्लाह म्हणायचं असतं, ते विसरला. संध्याकाळी बाळाला ताप आला आणि मालकिणीने त्याच्याशी बोलणं टाकलं. तो माझ्याकडे येऊन त्यांच्या अंधश्रद्धेवर भाषण द्यायला लागला. मी विचारलं, तुझ्या लेकीला कुणी असं म्हटलं तर तुझी आई काय करते? तो म्हणाला, मीठ-मोहऱ्या ओवाळते. मग झालं तर, मी म्हटलं, तुमच्या मीठ-मोहऱ्या, त्यांचा एक शब्द. पुढे भाषण नाही झालं.

कामाचं बोलण्याआधी सगळ्या घरादाराची खुशाली विचारायची, हे शिकवताना पोरं कंटाळायची. त्यांना मी विचारायची, शेजारीण विळी मागायला येते तेव्हा पहिलं विळीचं नाव काढते का? आधी पाऊस होतो, मग जावेची तब्येत होते, निघता निघता विळी. ते त्यांना पटायचं.

सगळ्यांचा आवडता धडा कॉफीचा. लोणच्याच्या चिनीमातीच्या छोट्या वाट्या मी त्यासाठी ठेवल्या होत्या. तिकडे कॉफीला कान नसलेला चिमुकला कप असतो, त्याला फिंजान म्हणतात. उजव्या हाताने घ्यायचा. संपला की यजमान पुन्हा भरतो, पुन्हा भरतो, आणि तुम्ही बोटांत धरून कप जरासा हलवत नाही तोवर तो थांबत नाही. हे माहीत नसल्यामुळे कॉफी पिऊन पिऊन डोळे तारवटलेली माणसं माझ्याकडे आली आहेत.

त्याच धड्याचा शेवटचा भाग मात्र मी गंभीरपणे शिकवायची. पाहुणा काही मोठं मागणं घेऊन आला असेल, तर तो भरलेला फिंजान न पिता समोर जमिनीवर ठेवतो. तोंडाने काही बोलत नाही. यजमानाने ओळखायचं. आणि यजमान जर म्हणाला, पी, तर त्याचा अर्थ मागणं दिलं. काय मागितलंय ते ऐकायच्या आधी दिलं. त्यानंतर शब्द फिरवणं म्हणजे अब्रू गेली. हे मला वॉर्डातल्या एका बेदू म्हातारीने, म्हणजे वाळवंटातल्या टोळीतल्या बाईने, सांगितलं होतं. स्वतः मी तसा प्रसंग कधी बघितला नव्हता. तरी शिकवायची, आणि शेवटी सांगायची की घरी जाऊन कुणासमोर तरी करून बघा, त्याशिवाय अंगात मुरत नाही.

जनार्दन याच वर्गातला. पेणच्या खाडीपट्ट्यातल्या एका आगरी गावचा, घरी थोडी खारजमीन, भाताची, आणि उन्हाळ्यात आई मिठागरावर मजुरीला. बाप लहानपणीच गेलेला. सगळे त्याला जनू म्हणत. ओमानात तो सालिम नावाच्या माणसाच्या खजुराच्या बागेत कामाला होता. सुट्टीवर आला तो एक दिवस सरळ माझ्या पडवीत येऊन उभा राहिला.

"बाई, त्येंच्यात कोन मेला तं घरच्यांना काय बोलतात?" त्याने विचारलं.

सालिमची म्हातारी आई त्याला रोज पुढ्यात बसवून जेवू घालायची. ती गेली तेव्हा याच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. बागेतल्या पाण्याच्या पाटाकडेला बसून रडला, तर त्यांना वाटलं, ह्याचं पोट दुखतंय. ते त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. माझ्याकडे कामाला उपयोगी पडेल म्हणून अरबी शिकायला पुष्कळ आले, सांत्वन करता यावं म्हणून आलेला हा एकटाच. मी त्याला ते वाक्य शिकवलं. देव तुमच्या धीराचं मोठं फळ देवो, असा त्याचा साधारण अर्थ. बसायचं कसं, किती वेळ बसायचं, तेही शिकवलं. तो सुट्टी संपेपर्यंत प्रत्येक वर्गाला आला. मला मुलगा नाही. असता तर असा असावा, असं मला तेव्हा वाटायचं.

पुढच्या वर्षी, आपल्याकडे भरपाऊस असताना, तो तिकडे खजुराच्या झाडावरून पडून गेला. कमरेचा दोर तुटला म्हणे. पेटीतून त्याला घरी आणलं त्या दिवशी मी त्या गावी गेले. तेव्हा घराघरात फोन नव्हते, मला बाजारात कळलं आणि तशीच निघाले. त्याची आई धाकूबाई भिंतीला टेकून बसली होती. बायका तिच्या गळ्यात पडून रडत होत्या, ती रडत नव्हती. माझ्याकडे मात्र तिने बराच वेळ टक लावून बघितलं आणि मान फिरवली. मी समजले, शोक आहे. शोकात माणूस कसंही बघतो.

शिमग्याच्या थोडं आधी एका सकाळी माझ्या दाराशी मुंबईची टॅक्सी थांबली. पांढरा लांब अंगरखा, डोक्याला फेटा, डोळ्यावर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, असा एक साठीचा अरब उतरला. ड्रायव्हरला त्याने एवढंच सांगितलं होतं की पेण, रामवाडी, अरबी शिकवणारी बाई. तो सालिम होता. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आला होता. मी त्याला माझं नाव कसं कळलं ते विचारलं. तो म्हणाला, जनार्दन सुट्टीवरून परत आला तेव्हा हातातली बॅगही त्याने खाली ठेवली नव्हती. आधी माझ्यासमोर बसला आणि माझ्या आईसाठी सांत्वनाचं वाक्य बोलला. इतक्या महिन्यांनी. मी विचारलं, कुणी शिकवलं? त्याने तुझं नाव सांगितलं, बहिणी.

मला आधी अभिमान वाटला, हे लपवत नाही. मग डोळे भरून आले. मी चहा केला, त्याने तो घेतला, दुसऱ्यांदा विचारल्यावर रीतसर कप हलवला. मग म्हणाला, मला त्याच्या आईकडे घेऊन चल. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सांत्वनाला निघालेल्या माणसाला कशासाठी म्हणून विचारत नाहीत.

टॅक्सी हायवे सोडून खाडीकडे वळली आणि जिथे रस्ता संपला तिथून आम्ही बांधावरून चाललो. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला जनूच्या गावची शेतं. ती पडीक होती, वर पांढरी खपली धरलेली. त्याने विचारलं, इथे काही पिकत नाही का? मी सांगितलं की भात पिकायचं. गेल्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला बाहेरचा बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं. घरोघरचे पुरुष मिळून असा बांध बांधतात, ज्याच्या घरी पुरुष नाही त्याचा वाटा मागे राहतो आणि भगदाड तिथूनच वाढतं. आता दोन-तीन पावसांनी मीठ धुऊन जाईपर्यंत इथे काही होणार नाही. तो थांबला. शेताकडे बघत उभा राहिला. 

धाकूबाईला मिठागरावरून बोलावून आणलं. पाय पोटऱ्यांपर्यंत पांढरे, तशीच येऊन ती बसली. तिचा दीर, चार शेजारी, बायका, सगळी जमली. खुर्ची दिली होती, पण सालिम चटईवर तिच्यासमोर बसला. सांत्वनाचं तेच वाक्य त्याने म्हटलं. जनूला शिकवलेलं वाक्य मी आता त्याच्याच आईला मराठीत सांगत होते.  तेवढ्यात जावेने चहा आणला.

सालिमने उजव्या हाताने कप घेतला, बशी काढली आणि कप आपल्यासमोर जमिनीवर ठेवला. मग हात मांडीवर ठेवून खाली बघत बसला.

 इतकी वर्षं मी ज्याचा धडा दिला होता ते मी पहिल्यांदा बघत होते, तेही पेणच्या खाडीत.

बाकीच्यांना काय कळणार? दीर म्हणाला, घ्या शेठ, चा घ्या. शेजारी म्हणाले, निवतोय, घ्या. आपल्याकडची रीतच ती. सालिमने माझ्याकडे बघितलं, ते काय म्हणतायत म्हणून. आणि मी गप्प राहिले. हे भाषांतर करणं म्हणजे त्याचं मागणं न ऐकता देऊन टाकणं होतं, आणि देणारी माणसं ही नव्हती. शेवटी दिराचा चेहरा बदलला.

"बाई, आमचे घरचा चा चालत नाय काय याला?" तो म्हणाला. "तसा तं आयला कशाला?"

मी घाईघाईने धाकूबाईकडे वळले. मला एकदम जाणवलं की इतक्या वेळात चहा घ्या म्हणाली नव्हती ती एकटीच. मी तिला म्हटलं, धाकूबाई, याला चहा पी म्हणू नका, याचा अर्थ त्यांच्यात वेगळा आहे.

"मना ठाव हाय," ती म्हणाली.

ती माझ्याकडे तशीच बघत होती, पेटी आली त्या दिवशी बघितलं होतं तशी.

"जनू तुज्याकडून शिकून आयला, बाई. ह्याच जागेला बसला. मी चा दिला, त्यानं खाली ठेवला. बोलला, आये, मना परत जावाचा हाय, तू पी बोलशील तवा पिन. मना पाठवाचा नवता. पन पोर उपाशी बसलेला बघवंना. मी बोलली, पी. आन तो गेला."

 मला तोंड वर करवेना. घरी जाऊन कुणासमोर तरी करून बघा, हे माझंच सांगणं. त्याने ते आईसमोर केलं होतं, आणि धडा म्हणून नव्हे, खरोखरीचं मागणं म्हणून. मी शिकवलं नसतं तर तो गेला नसता असं नाही, पोटासाठी माणसं जातातच. तरी ते ऐकल्यापासून माझ्या मनात जे रुतलंय ते अजून निघालेलं नाही.

"इचार त्याला," धाकूबाई म्हणाली, "काय मागतंय."

मी विचारलं. सालिमने चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लाल होता. तो सांगत गेला आणि मी एकेक वाक्य मराठीत आणत गेले. मध्ये स्वतःचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, हा या कामाचा नियम आहे. त्या दिवशी तो पाळणं मला जड गेलं.

सालिम म्हणाला, बांध फुटल्याचा निरोप आला त्या दिवशी जनार्दन माझ्या बैठकीत आला. माझे भाऊ होते, पाहुणे होते. त्याला कॉफी दिली. त्याने फिंजान न पिता समोर ठेवला. सगळे हसले. बघा, हा हिंदी माणूस आमच्या आज्यासारखा बसलाय म्हणाले. मलाही हसू आलं, कौतुकाने. मी म्हटलं, पी, जनार्दन, दिलं. तो प्याला. मग त्याने रजा मागितली, आईच्या शेताचा बांध घालायला. मी हो म्हटलं. तो उठून गेल्यावर भाऊ म्हणाला, निम्मा खजूर झाडावर आहे, चढणार कोण? दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, तोडणी संपली की जा. तो म्हणाला, पण अरबाब, तुम्ही पी म्हणाला होतात. अरबाब म्हणजे मालक. मी त्याला म्हटलं, ते आमच्या-आमच्यातलं असतं.

 मी एवढं सांगून झाल्यावर सालिम पुढचं बोलला. जनार्दन वाद घालत बसला नाही, दोर घेऊन कामावर गेला. तोडणी संपायच्या आधी पडला. मी नमाजाला उभा राहतो तेव्हा मला तेच आठवतं. शब्द मी त्याला दिला होता आणि तो परका म्हणून मोडला. तो आता नाही, म्हणून तुझ्याकडे आलोय, आई. मला माफ कर.

धाकूबाई खाली ठेवलेल्या कपाकडे बघत होती. त्याच्यावर साय धरली होती.

"सगले हसले?" तिने विचारलं.

मी सालिमला विचारलं. तो म्हणाला, हो, सगळे.

"त्यानं माज्यापुढं कप ठेवला तवा मी नाय हसली," ती म्हणाली.

हेही मी सांगितलं. सालिमने मान खाली घातली आणि चेहरा अंगरख्याच्या बाहीत लपवला.

दुसऱ्या पायरीवरच्या माणसाचं असंच होतं. त्याच्या बोलण्याचं कौतुक होतं, त्याला बोलावून बोलावून ऐकतात, पण त्याच्या बोलण्याने स्वतःला बांधून घेत नाहीत. जनूने सगळं अचूक केलं होतं. त्याच्याकडून चूक झाली असती तर बरं, असं मला आयुष्यात प्रथम एखाद्या विद्यार्थ्याबद्दल वाटलं.

धाकूबाई उठली. निवलेला कप उचलून आत गेली. सालिमने माझ्याकडे बघितलं. नकार समजून तोही उठायला लागला, मी त्याला बसवलं. आतून स्टोव्हचा आवाज आला. जरा वेळाने ती दोन कप घेऊन बाहेर आली. एक तिने त्याच्या हातात दिला.

"याला सांग, खाली ठेवू नको. माफी माज्याकडं नाय, ती जनूकडं होती. पाव्हना म्हनून आयलास, तं पाव्हना म्हनून पी."

मी सांगितलं. त्याने हातातच धरून तो चहा प्यायला, सगळा. आणि मग धाकूबाईने दुसरा कप, स्वतःचा, त्याच्यासमोर जमिनीवर ठेवला. पदर सावरून, हात मांडीवर घेऊन बसली.

त्या खोलीत ते आम्हा तिघांनाच कळलं. सालिमने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पी हा शब्द त्याच्या ओठांवर आलेला मी बघितला. त्याने तो मागे घेतला आणि मला म्हणाला, आईला विचार, तिला काय हवंय. या वेळी त्याला ऐकल्याशिवाय बोलायची भीती वाटली असावी. मला ते बरं वाटलं.

"तुज्या बागंत आता कोन हाय मना ठाव नाय," धाकूबाई म्हणाली. "कोनाचा तरी पोर असंल. तो घरी जावाला मागंल तवा त्याला सोड. झाडाव खजूर असला तरी सोड."

  बाहेर बांधाकडे, त्या पांढऱ्या शेताकडे सालिमने बघितलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, पी, आई.

मी म्हटलं, धाकूबाई, त्यांनी शब्द दिला, प्या आता.

"तवा पन दिलता," ती म्हणाली. "मी नंतर पिन."

तिने कपावर बशी झाकून ठेवली. हे मी सालिमला सांगितलं, गाळलं नाही. त्याने मान हलवली. परतताना टॅक्सीत तो एवढंच म्हणाला, तिचं बरोबर आहे.

त्यानंतर मी अधूनमधून त्या गावी जायला लागले. एकदा धाकूबाईच्या दिराने मला बाजूला घेऊन सांगितलं की वयनीने त्या दिवसापासून चा सोडलाय. मिठागरावर बायका घोट घोट घेतात, ही नुसतं पाणी पिते. आपल्या बायका देवासाठी एखादा पदार्थ सोडतात, तसं काही असेल असं त्याला वाटत होतं. मी खुलासा केला नाही.

पावसाळा आला. बांध गावाने मिळून घातला, धाकूबाईच्या वाट्याचा दिराने घातला. श्रावणात एका रविवारी अष्टमीच्या वर्गाला एक नवा माणूस येऊन बसला. यशवंत, कोलाडच्या पलीकडच्या गावचा, भातशेतीवाला, दोन मुलींचा बाप. कुठे कामाला आहे विचारलं तर म्हणाला, ओमानात, खजुराच्या बागेत. मालकाचं नाव सालिम.

मी हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. आता तर तिकडे तोडणी चालू असेल, मी म्हटलं. तो म्हणाला, व्हय, निम्मा माल झाडावर हाय. वडिलांचं दुखणं निघालं, निरोप आला, म्हणून मालकाकडे गेला. काही शिकलेला नव्हता, फिंजान-बिंजान त्याला माहीत नव्हतं, दारात उभ्या उभ्याच सांगितलं. मालकाने कामाचा दोर त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, आज निघ.

"बाकीचे अरब हसत होते मालकाला," यशवंत म्हणाला. "तोडनीच्या दिवसात मानूस सोडतोय म्हनून. तो कायच बोलला नाय."

दुसऱ्या दिवशी मी त्याला पहिल्या एसटीने पेणला आणि तिथून खाडीवर घेऊन गेले. धाकूबाई दारातच होती. हा कोण, कुठून आला, कधी सुटला, ते मी तिला सांगितलं. तिने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं.

"बापूस कसा हाय?" तिने विचारलं.

"बरा हाय आता," तो म्हणाला.

ती आत गेली आणि स्टोव्ह पेटवला. दोन कप भरून आणले. एक यशवंतच्या हातात दिला. दुसरा घेऊन ती उंबऱ्याशी बसली, शेताकडे तोंड करून, आणि प्याली.